कोऱ्या कॅनव्हासची वाट न पाहणारा चित्रकार



दिवाळीपूर्वी शाळेची मागची कोठी साफ केली. तिथे फुटक्या काचांच्या, वाळवीने अर्ध्या खाल्लेल्या बऱ्याच तसबिरी निघाल्या. जुन्या नकाशांच्या गुंडाळीमागे चार कॅनव्हासही निघाले. त्यातले तीन बुरशीने पार गेलेले होते. चौथ्यावर घाट, पायऱ्या आणि पाण्यात उतरलेली एक बाई एवढे ओळखू येत होते. मी सगळे कबाडीला द्यायला सांगितले. ड्रॉइंगच्या बाईंनी ते अडवले. चौकटी आणि कॅनव्हास मुलांच्या हस्तकलेला चालतील, वरून पांढरा रंग मारला की काम झाले, असे त्या म्हणाल्या. शाळेचा एक पैसा खर्च होणार नाही म्हटल्यावर मुख्याध्यापक आनंदाने हो म्हणतो, तसा मीही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलीने विचारले, सर, आम्ही त्या घाटावर आमचे चित्र काढले तर आधीच्या चित्राचे काय होईल? ज्यांनी काढले त्यांना विचारले का?

मला उत्तर सुचले नाही. चित्रकलेत मला गती नाही आणि माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, तेव्हा विषयाच्या आणि भाषेच्या चुका पोटात घालाव्यात. पण त्या प्रश्नामुळे मी बाईंकडून पुस्तके मागून घेतली आणि सुट्टीत एका माणसाचे चरित्र वाचून काढले. त्याचे नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग. त्याच्या देशात आडनावाचा उच्चार फान खोख असा काहीसा करतात, पण आपल्याकडे रूढ झाला आहे तोच मी ठेवतो. जुन्या कॅनव्हासवर पुन्हा रंगवण्याच्या बाबतीत त्याच्याइतका अनुभवी माणूस शोधून सापडायचा नाही.

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३ रोजी हॉलंडमधल्या झुंडर्ट या खेड्यात झाला. वडील प्रोटेस्टंट धर्मोपदेशक होते. बरोबर एक वर्ष आधी, त्याच तारखेला, या घरात एक मूल मृत जन्मले होते. त्याचेही नाव व्हिन्सेंटच ठेवलेले होते. चार वर्षांनी १८५७ मध्ये धाकटा भाऊ थिओ जन्मला. या दोघांची जोडी शेवटपर्यंत टिकली. थिओला वगळून व्हिन्सेंटचे चरित्र सांगताच येत नाही.

सोळाव्या वर्षी काकांच्या ओळखीने तो चित्रे विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीत लागला. हेग, लंडन, पॅरिस अशा बदल्या झाल्या आणि १८७६ मध्ये नोकरी गेली. मग इंग्लंडात शिक्षकी, पुस्तकाच्या दुकानात कारकुनी, पाद्री होण्यासाठी अभ्यास, असे एकेक करून झाले. (शिक्षक म्हणून तो कसा होता हे मला जाणून घ्यायचे होते, पण तिथे तो फार दिवस टिकलाच नाही.) पुढे बेल्जियममधल्या बोरिनाज या कोळशाच्या खाणींच्या भागात तो धर्मोपदेशक म्हणून गेला. खाणकामगारांची गरिबी पाहून त्याने आपले कपडे आणि सामान वाटून टाकले आणि स्वतः झोपडीत राहू लागला. ते वरिष्ठांना रुचले नाही आणि तेही काम सुटले. १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार व्हायचे ठरवले. पुढची दहाच वर्षे त्याला मिळाली. तेवढ्यात त्याने तैलरंगातली साडेआठशेच्या वर चित्रे केली. खर्च थिओ देत असे. तो पॅरिसला त्याच कंपनीत नोकरीला होता आणि दरमहा पैसे पाठवत असे. त्या पैशांत भाडे, जेवण, रंग आणि कॅनव्हास भागवायचे. बहुतेक वेळा जेवणाला कात्री लागायची.

१८८२ मध्ये तो हेगला राहत होता. तिथे त्याने सुतार आणि लोहार यांच्याकडून एक वस्तू करून घेतली. ती म्हणजे एक रिकामी लाकडी चौकट. चौकटीत एक उभा दोरा, एक आडवा दोरा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरपे दोरे ताणलेले. ती दोन उभ्या काठ्यांवर हवी तितक्या उंचीवर बसवता यायची. काठ्यांना खाली लोखंडी टोके होती, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूतही रोवता यावी. या चौकटीतून तो समोरचे दृश्य पाहायचा. झाड कोणत्या दोऱ्यावर येते, छप्पर कुठे कापले जाते हे त्यातून कळायचे. कागदावर तशाच रेघा मारून घेतल्या की लांबचे लहान आणि जवळचे मोठे हे प्रमाण चुकत नसे. पॅरिसपर्यंत तो ही युक्ती वापरत होता. त्याच्या काही चित्रांच्या रंगाखाली पेन्सिलीच्या त्या रेघा नव्या यंत्रांनी दिसल्या आहेत. मुलांनो, घरातली जुनी तसबीर रिकामी झाली असेल तर तिचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही. काच मात्र मोठ्यांनी काढायची. मागचे बारीक खिळे पकडीने उपटायचे, चारही बाजूंच्या मध्यावर आणि कोपऱ्यांवर टाचण्या ठोकायच्या आणि शिवणाचा जाड दोरा ताणायचा. खिडकीत उभी करून तिच्यातून गल्लीकडे बघा. एक डोळा मिटून घ्यावा लागतो.

१८८३ च्या अखेरीस व्हिन्सेंट आईवडिलांकडे न्यूनेन या गावी परतला. तिथे शेतकरी आणि विणकर यांची चित्रे काढण्यात त्याने दोन वर्षे घालवली. एकापाठोपाठ एक चेहरे रंगवले. मार्च १८८५ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी त्याचे बटाटे खाणाऱ्या कुटुंबाचे प्रसिद्ध चित्र झाले. नोव्हेंबरमध्ये तो गाव सोडून बेल्जियममधल्या अँटवर्पला गेला. जाताना बहुतेक चित्रे मागेच राहिली. काही महिन्यांनी आईने घर हलवले, तेव्हा ती खोक्यांत भरून ब्रेडा शहरातल्या एका सुताराकडे ठेवली गेली. लाकडाला कीड लागल्याची शंका होती, त्यामुळे ती खोकी घरात आणायला कोणी धजले नाही. ती तिथेच पडून राहिली. पुढे केव्हातरी सुताराने ती जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला विकून टाकली. व्यापाऱ्याने काही नष्ट केली आणि काही हातगाडीवर ठेवून काही सेंटांना एक अशी विकली. आपल्या भाषेत सांगायचे तर कबाडीला दिली. हे वाचले तेव्हा मला आमची कोठी आठवली आणि जरा ओशाळल्यासारखे झाले.

अँटवर्पला तो कला अकादमीत गेला. जानेवारी १८८६ मध्ये त्याने तिथे एका मोठ्या कॅनव्हासवर कुस्ती खेळणाऱ्या दोन उघड्या पैलवानांचे चित्र केले आणि हे काम करायला आपल्याला आवडते असे थिओला कळवले. हे चित्र नंतर कोणालाच सापडले नाही. दुसरीकडे, हॉलंडच्या क्रोलर-म्यूलर संग्रहालयात फुलांचे एक चित्र होते. आकार त्याच्या नेहमीच्या चित्रांपेक्षा मोठा आणि फुलांची गर्दी जरा जास्तच, म्हणून २००३ मध्ये ते त्याचे नसावे असे ठरवून त्याच्या नावावरून काढले गेले. २०१२ मध्ये क्ष-किरणांनी तपासल्यावर फुलांच्या खाली ते दोन पैलवान निघाले! अकादमीचा मोठा कॅनव्हास त्याने पॅरिसला नेला होता आणि पैलवानांवरच फुले रंगवली होती. खालच्या चित्रामुळे वरचे चित्र पुन्हा त्याच्या नावावर आले.

पॅरिसला तो फेब्रुवारी १८८६ च्या अखेरीस अचानक थिओकडे येऊन थडकला आणि दोन वर्षे राहिला. गडद मातीचे रंग जाऊन त्याच्या चित्रांत उजेड आला तो इथे. पण कॅनव्हास महाग, आणि समोर बसणाऱ्या माणसालाही पैसे द्यावे लागत. म्हणून त्याने एक बरासा आरसा घेतला आणि स्वतःलाच रंगवायला लागला. पॅरिसच्या दोन वर्षांत त्याने स्वतःची वीसहून अधिक चित्रे काढली. त्यातली काही साध्या पुठ्ठ्यावर आहेत. काहींसाठी त्याने न्यूनेनहून आणलेले जुने कॅनव्हास उलटे केले आणि मागच्या बाजूला रंगवले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गवती टोपी घातलेला व्हिन्सेंट आहे. त्याच्या पाठीमागे बटाटे सोलणारी एक बाई आहे, १८८५ ची. एकाच कापडाच्या एका अंगाला गाव आणि दुसऱ्या अंगाला शहर.

कधी तो मागची बाजू वापरायचा, कधी जुना रंग खरवडून काढायचा, कधी वर पांढऱ्याचा हात द्यायचा आणि कधी तर सरळ जुन्या चित्रावरच नवे सुरू करायचा. १८८७ मध्ये त्याने हिरव्या गवताचा एक तुकडा रंगवला. २००८ मध्ये हॉलंडच्या शास्त्रज्ञांनी तो जर्मनीत हाम्बुर्गच्या मोठ्या क्ष-किरण केंद्रात नेला. कोणत्या जागी कोणता धातू आहे हे पाहून त्यांनी खालचे रंग ओळखले, आणि गवताखालून न्यूनेनच्या एका शेतकरणीचा चेहरा वर आला. त्याच्या सुरुवातीच्या चित्रांपैकी सुमारे एक तृतीयांश चित्रांखाली दुसरे चित्र असावे असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे त्या सातवीतल्या मुलीचा प्रश्न व्हिन्सेंटला वारंवार पडला असणार. फरक एवढाच, की त्याला परवानगी स्वतःचीच घ्यायची होती.

चौकटींच्या बाबतीतही त्याची मते ठाम होती. त्या काळी चित्राला नक्षीदार सोनेरी चौकट लावायची पद्धत होती. त्याला ती परवडत नसे आणि आवडतही नसे. १८८७ मध्ये त्याने लिंबू, नासपती आणि द्राक्षांचे एक पिवळेधमक चित्र काढले आणि चित्राचाच पिवळा रंग पुढे चौकटीवर नेला. त्याच्या हाताने रंगवलेली ही एकच चौकट आज शिल्लक आहे, अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात. सूर्यफुलांच्या एका चित्राला त्याने साध्या बारीक पट्ट्या ठोकून त्या नारिंगी रंगवल्या होत्या. सूर्यफुलांच्याच आणखी एका चित्राला वर जागा कमी पडली, तर लाकडाची एक पट्टी जोडून तिच्यावर रंग पुढे नेला. ज्या पालकांना फ्रेमवाल्याचे दर माहीत आहेत त्यांना हे ऐकून बरे वाटेल.

फेब्रुवारी १८८८ मध्ये तो फ्रान्सच्या दक्षिणेला आर्ल या गावी गेला. तिथे त्याने पिवळे घर भाड्याने घेतले. चित्र वाळले की ते लाकडी चौकटीवरून उतरवायचे आणि गुंडाळी करून थिओला पाठवायचे, म्हणजे लाकूड पुढच्या चित्राला मोकळे. ऑक्टोबरात गोगँ हा चित्रकार त्याच्याकडे राहायला आला. त्याने वीस मीटर ज्यूट आणले, ज्याला आपण गोणपाट म्हणतो तेच. दोघांनी ते वाटून वापरले. टोकियोच्या संग्रहालयात असलेली सूर्यफुले त्या गोणपाटावर आहेत. १९८७ मध्ये एका जपानी विमा कंपनीने ती जवळजवळ चार कोटी डॉलरला घेतली.

पण दोघांचे पटले नाही. २३ डिसेंबर १८८८ च्या रात्री भांडण विकोपाला गेले आणि मानसिक आजाराच्या झटक्यात व्हिन्सेंटने स्वतःचा कान कापून घेतला. याची कथा जगभर चवीने सांगितली जाते. मी ती इथे वाढवत नाही. तो आजारी होता. रुग्णालयात डॉ. फेलिक्स रे या तरुण डॉक्टरांनी त्याच्यावर उपचार केले. आभार म्हणून व्हिन्सेंटने जानेवारी १८८९ मध्ये त्यांचे चित्र काढून त्यांना दिले. घरात ते कोणालाच आवडले नाही. डॉक्टरांच्या आईने ते कोंबड्यांच्या खुराड्याला पडलेले भोक बुजवायला लावले. आज ते मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. त्या माउलीला मी तरी हसणार नाही. ती पावसाळ्यापूर्वीची डागडुजी करत असावी.

मे १८८९ मध्ये तो स्वतःहून सां-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. तिथे कॅनव्हास आणि रंग थिओकडून यायचे आणि कधी कधी उशिरा यायचे. त्या वर्षी त्याने डोंगरातल्या एका घळीचे चित्र केले. ते आता अमेरिकेत बोस्टनला आहे. २००७ मध्ये त्याच्याखाली रानटी झाडोऱ्याचे पूर्ण झालेले दुसरे चित्र सापडले. हे खालचे चित्र वाईट म्हणून पुसलेले दिसत नाही. हातात कापड नव्हते आणि डोंगर समोर होता, एवढेच.

मे १८९० मध्ये तो पॅरिसमार्गे ओव्हेर या खेड्यात गेला. वाटेत तीन दिवस थिओच्या घरी थांबला. पलंगाखाली, सोफ्याखाली, कपाटाखाली त्याच्याच चित्रांचे ढीग होते, बिनचौकटीचे. रंगांचे दुकानदार तांगी यांच्या माळ्यावरही काही ठेवली होती आणि तिथे ढेकूण झाले होते, याचा व्हिन्सेंटला राग आला होता. त्याच्या हयातीत खात्रीने विकले गेल्याचे माहीत असलेले एक मोठे चित्र म्हणजे तांबडा द्राक्षमळा, किंमत ४०० फ्रँक. ओव्हेरला सत्तर दिवसांत त्याने जवळपास तितकीच चित्रे केली. एकदा कॅनव्हास नव्हता तेव्हा त्याने भांडी पुसायचे, तांबड्या पट्ट्यांचे फडके घेतले, त्याला गुलाबी अस्तर दिले आणि त्यावर एक बाग रंगवली. २९ जुलै १८९० रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो गोळीच्या जखमेने वारला. सहा महिन्यांनी थिओही गेला.

मागे राहिली ती थिओची बायको योहाना. वय अठ्ठावीस, पदरात वर्षाचेही न झालेले मूल, आणि पलंगाखाली शेकडो चित्रे. भावजयीने दिराचा पसारा मोडीत काढला असता तर कोणी नाव ठेवले नसते. ती हॉलंडला बुसम गावी आली, उपजीविकेसाठी घरात पाहुणे ठेवले आणि त्याच घराच्या भिंतींवर ही चित्रे लावली. हिशेबाची वही ठेवली, एकेक चित्र विचार करून विकले, प्रदर्शने भरवली. १९०५ मध्ये अॅमस्टरडॅमला साडेचारशेहून अधिक कामांचे प्रदर्शन झाले. १९१४ मध्ये तिने दोघा भावांची पत्रे छापून काढली. आज आपण व्हिन्सेंटचे नाव घेतो ते या बाईमुळे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. २०२२ मध्ये स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या राष्ट्रीय कलादालनात प्रदर्शनाची तयारी चालली होती. तेव्हा न्यूनेनच्या एका शेतकरणीच्या चित्राचा क्ष-किरण काढला. १९६० पासून ते चित्र त्यांच्याकडे होते. मागच्या बाजूला, सरस आणि पुठ्ठ्याच्या थराखाली, टोपी घातलेला आणि गळ्याला रुमाल बांधलेला दाढीवाला माणूस दिसला. ते व्हिन्सेंटचे स्वतःचेच चित्र असावे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बहुधा १९०५ च्या प्रदर्शनाच्या सुमारास, पुढची शेतकरीण अधिक पूर्ण वाटली म्हणून कोणीतरी मागे पुठ्ठा चिकटवला होता. चांगल्या हेतूनेच चिकटवला असणार. शेतकरणीला धक्का न लागता तो काढता येईल का याचा अभ्यास तिथल्या तज्ज्ञांनी सुरू केला.

आम्ही शाळेत असे ठरवले आहे. बुरशी लागलेले तीन कॅनव्हास त्यांच्या लाकडावरून उतरवले. मोकळ्या लाकडावर स्वच्छ गोणपाट ताणला आणि पांढऱ्याचे दोन हात दिले. आता नववीची मुले त्यावर रंगवत आहेत. घरी करणाऱ्यांसाठी बाईंनी एक सूचना दिली आहे. जुने चित्र तैलरंगाचे असेल तर त्यावर पाण्यात कालवायचे रंग धरत नाहीत, पापुद्रे सुटतात. अशा वेळी कॅनव्हास उलटा करून मागची बाजू वापरावी. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय कोणत्याही तसबिरीला हात लावू नये. आजोबांच्या फोटोमागे आणखी एखादा फोटो दडलेला असतो, हे मी माझ्याच घरी पाहिले आहे.

घाटाच्या चित्रावर कोणी रंग लावलेला नाही. ते बाईंनी कोरड्या मऊ ब्रशने झटकले. खालच्या कोपऱ्यात दोन अक्षरे आहेत, पहिले द किंवा ड असावे, दुसरे लागत नाही. मागे लाकडावर शिसपेन्सिलीने १९५८ लिहिले आहे. देवळालीकर मास्तरांच्या चित्रशाळेत बेंद्रे आणि हुसेन शिकले ते हे आपले इंदूर. इथल्या कोठीत कोणाच्या हातचे काय पडले असेल सांगता येत नाही. ते एखाद्या विद्यार्थ्याचे किंवा आमच्याच जुन्या ड्रॉइंग मास्तरांचेही असेल. त्या वर्षांत शाळेत असलेले कोणी माजी विद्यार्थी हे वाचत असतील, किंवा आजी-आजोबांपैकी कोणाला घाटावरच्या चित्राची आठवण असेल, तर कृपया शनिवारी शाळा सुटल्यावर यावे. चित्र ड्रॉइंगच्या वर्गात, खिडकीच्या उजव्या हाताला, भिंतीला टेकवून ठेवले आहे.